कुलूप पाहून लिहिलेला अहवाल

आई गेल्यानंतर दीड वर्ष मी रोज प्रार्थना करीत होतो, पण हजेरीपटावर सही करावी तशी. शब्द तेच, वेळ तीच, आणि पलीकडे कोणी ऐकत आहे असे एकदाही वाटत नव्हते. घरात हे कोणाला सांगितले नाही. दर रविवारी उपासनेला जात होतो, गीते म्हणत होतो. फक्त आत काही ओले उरले नव्हते.

त्याचे कारण आईच होती. मोठ्या दुष्काळात, सहा-सात वर्षांची असताना, तिला कोणीतरी केडगावच्या मिशनच्या आवारात आणून सोडले. तिला आपल्या गावाचे नाव सांगता येत नव्हते. एक पांढऱ्या दगडाची पायरी आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात, एवढेच तिला आठवे. मिशनने तिला वाढवले, शिकवले, लग्न लावून दिले. तिच्या तोंडी कधी तक्रार आली नाही. पण आवाराचे फाटक वाजले की तिची मान वर व्हायची. म्हातारपणी दिसेनासे झाले तरी विचारायची, "कुणी आलं का रे?" लहानपणापासून मी प्रभूकडे एकच गोष्ट मागितली होती, की तिच्यासाठी एकदा कोणीतरी यावे. कोणी आले नाही. ती गेली त्या दिवशीही फाटक वाजले होते, दूधवाला होता.

मी परिवीक्षा अधिकारी होतो. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतले एखादे मूल पोलिसांनी पकडले, की त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि बालन्यायालयाला अहवाल द्यायचा, हे माझे काम. मुलाला घरी पाठवायचे की संस्थेत, हे बहुतेक त्या अहवालावर ठरे. अकरा वर्षांत माझा एकही अहवाल दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. हे मी गर्वाने सांगत नाही. तेव्हा मात्र गर्व होता.

त्या वैशाखात दौंड स्टेशनच्या यार्डात रेल्वे पोलिसांनी दहा वर्षांची एक मुलगी पकडली. ओच्यात इंजिनाचा कोळसा होता. नाव सगुणा, जात धनगर. तिला पुण्याला रिमांड होममध्ये ठेवले. मी छापील फॉर्म घेऊन तिच्यापुढे बसलो. वडील वारलेले. गाव न्हावऱ्याजवळचे. आई कुठे, असे विचारले तर म्हणाली, "मेंढरं घिऊन गेलीया." तू दौंडला कशी आलीस, असे फॉर्ममध्ये विचारलेले नव्हते, म्हणून मीही विचारले नाही. मी उठलो तेव्हा तिने मला विचारले, "आबा, पाऊस कवा येतूय?" लहान मुले काहीही विचारतात, असे समजून मी म्हणालो, "येईल महिन्याभरात." पुढच्या दोन भेटींतही तिने हेच विचारले आणि मीही हेच सांगितले.

दुसऱ्याच दिवशी मी तिच्या गावी गेलो. दाराला कुलूप, कुलपावर गंज, चौकटीला जाळे. दाराच्या फटीतून डोकावलो, चूल थंड. शेजारी चार घरे होती, चारही घरी विचारले. एकच उत्तर मिळाले, "आमास्नी काय ठावं न्हाई, सायब." आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मी लिहिले : घर निदान सहा महिने बंद. शेजाऱ्यांना ठावठिकाणा माहीत नाही. आई मुलीस सोडून गेलेली दिसते. संस्थेत पाठवण्याची शिफारस. म्हणजे अठरा वर्षांची होईपर्यंत आठ वर्षे, आणि तीही परजिल्ह्यात. सुनावणी सोमवारी होती.

शनिवारी पुन्हा न्हावऱ्याकडे गेलो तो दयेने नव्हे. पंचनाम्यावर पोलीसपाटलाची सही राहिली होती आणि अपुरा कागद न्यायालयात जाणे मला सहन होण्यासारखे नव्हते. सही झाली. न्हावऱ्याच्या स्टँडवर साडेअकराच्या गाडीसाठी अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी पोचलो, तर गाडी वेळेच्या पाच मिनिटे आधीच निघून गेलेली. पुढची दोन वाजता. तक्रारीचा मसुदा मनात तयार करीतच मी लिंबाखाली बसलो.

तिथे घोंगड्यांचे गाठोडे घेऊन एक म्हातारा बसला होता. घोंगड्या विणणारा सणगर. त्याने माझी खाकी आणि पिशवी न्याहाळली.

"चराईचा दंड वसुलाया आला का, सायब?"

"नाही. एका मुलीचं घर शोधतोय. सापडलं, पण बंद आहे. माणसं निघून गेलीत."

"कुनाचं?"

मी सांगितले. म्हातारा हसायला लागला. "आवं, धनगराच्या दाराला कुलूप दिसलं म्हंजी मानसं पळाली व्हय? दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकनाकडं जात्यात. त्ये दार पावसानं उघडतं. ह्ये शाळंतल्या पोराला बी म्हाईत हाय!"

"मग शेजारी का बोलले नाहीत?"

"तुमचं कापड बघून. तुमी दंडाचं सायब. शेजाऱ्याचा पत्ता तुमास्नी कोन देईल?"

सगुणाचा प्रश्न मला तेव्हा कळला. मी तो तीन भेटींत तीनदा ऐकला होता.

"परवाच तिच्या आईकडनं लोकर घेतली म्या," म्हातारा म्हणाला. "परतीच्या वाटंवर हायती, यवतच्या अलीकडं, मळ्यात. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवत्यात न्हवं, तितं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "घोंगडी घ्या एक. उन्हानं चेहरा उतरलाय तुमचा, उन्हात घोंगडीचीच सावली बरी."

मी घोंगडी घेतली. ती फार खरखरीत निघाली. हा म्हातारा पुढेही मला बाजारात दिसे आणि तो प्रसंग त्याला आठवतही नसे. मी त्याला देवदूत म्हणत नाही. गाडी पाच मिनिटे आधी गेली, एवढीच माझी नोंद. ती तक्रार मी आजवर केलेली नाही.

चौफुल्यावर गाडी बदलून आणि पुढे दीड कोस चालून मळ्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाघर म्हणजे दोरीचे जाळे लावून केलेल्या कोंडवाड्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती आणि एकेक मेंढरू तिच्या हाताखालून आत जात होते. प्रत्येकाच्या पाठीला तिचा हात लागे. मी बोलायला गेलो.

"थांबा, सायब. मोजनीत मोडता घालू नगा."

मी थांबलो. शेवटचे कोकरू आत गेले. "सात विसा आन् चार," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बोला."

मी वाटेत काय काय ठरवले होते, ते सगळे विसरलो. म्हणालो, "बाई, मुलं किती तुम्हाला?"

"तीन. दोन हितं हायती, थोरली सगुणा जावंकडं. आमी दौंडापाशी व्हतो तवा लंगडं कोकरू घिऊन गेली रुळापल्याड, दिराच्या वाड्यावर, त्यांच्या मेंढरांच्या तळावर. वाडा पुढं गेलाय, म्हंजी त्यांच्यासंगं आसंल."

"ती तिथं नाही, पुण्याला सरकारच्या ताब्यात आहे. दिराला वाटत असेल, तुमच्याकडे आहे."

मग तिने आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे पाहिले, ज्याने नुकतीच एकशे चव्वेचाळीस मेंढरे मोजली होती. "रोज मोजते, सायब," ती म्हणाली, "रोज. मेंढरंच मोजली न्हवं म्या." आणि खाली बसली.

तिला धीर देण्याचा मला काय अधिकार होता? मीही कुलूप मोजले, जाळे मोजले, शेजारी मोजले.

रविवारी सगुणाची आई केडगावला आमच्या घरी आली. माझ्या पत्नीने वाढलेले ताट तिने तसेच ठेवले. मी उपासनेला गेलो. त्या दिवशी माझ्याजवळ शब्दच नव्हते. फक्त म्हणालो, "प्रभू, मी चुकलो, आता तू बघ." दीड वर्षाने पलीकडे कोणीतरी ऐकत आहे असे वाटले.

सोमवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अहवाल उघडला. "आई मुलीला सोडून गेली, असं तुम्ही लिहिलंय."

"साहेब, माझा अहवाल चुकीचा आहे."

"कोणता भाग?"

"नोंदी सगळ्या बरोबर आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तुमच्याकडून हे पहिल्यांदाच ऐकतोय," म्हणाले. मी माझ्या हाताने ती ओळ खोडली आणि खाली सही केली. कोळशाबद्दल ताकीद देऊन, माझ्या देखरेखीखाली, सगुणाला आईच्या ताब्यात द्यायचा हुकूम झाला.

सगुणा व्हरांड्यात आली. रिमांड होममधला स्वच्छ झगा, तेल लावून घातलेल्या वेण्या. मला वाटले, आई धावेल, रडेल. ती जागची हलली नाही. मुलगी तिच्यापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा तिने मेंढराच्या पाठीवर ठेवायची तसाच हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली,

"तीन."

त्यानंतर रडली.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या आईच्या डोक्यावर असा हात कधी पडला नाही, आणि ती पांढरी पायरी मला आजही सापडलेली नाही. ती तहान गेली नाही. प्रार्थनेला बसलो की आजही तीच आधी वर येते. पण आता मी प्रभूला हिशेब विचारत नाही. अहवाल कुलपापाशी संपवायची सवय माझी होती, त्याची नव्हे. जिथे माझी चौकशी पोचली नाही तिथे, कोंडवाड्याच्या तोंडाशी, तो उभा असेल. आणि एका संध्याकाळी फाटक वाजले असेल, आईने मान वर केली असेल, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून आपली मोजणी पुरी केली असेल. त्याच्या कृपेने माझी पाळी येईल तेव्हा मीही त्या हाताखालून जाईन. तोवर मोजणीत मोडता घालायचा नाही, एवढेच मी शिकलो.