मोरीत ओतलेलं औषध

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताईच्या सासरी, जानेफळला जाणाऱ्या एसटीत बसले होते आणि पिशवीत तिच्या औषधाची दुसरी बाटली होती. अर्ध्या तासाची चुकामूक झाली, असं लोक म्हणतात… अर्धा तास नाही, सतरा दिवस. आणि ते कोणामुळे, हे मी आज लिहिणार आहे.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. अर्ध्या गावाला पाढे शिकवलेली ही बाई पोटाच्या कॅन्सरनं घोटभर पाण्यालाही भ्यायला लागली. काहीही घेतलं की उलटी. मग अकोल्याच्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी रीतसर चिठ्ठीवर विजयाचं तेल लिहून दिलं. आजार जाणार नाही, त्रास कमी होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ताईनं अर्धी भाकर खाल्ली, वर भरतात मीठ कमी म्हणून मलाच झापलं. मी हरखून गेले. त्या आनंदात, तिच्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, विचारल्यावर, विजया म्हणजे भांग हे मीच सांगून बसले. ही चूक माझी.

त्या घरात भाऊजींच्या शब्दापुढे कोणी जात नाही. "मास्तरणीच्या घरात नशा? लोकाइले काय तोंड दाखवू मी?" एवढं बोलून त्यांनी बाटली मोरीत ओतली, चिठ्ठी फाडली. ताईचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. डॉक्टर बाहेरगावी, चिठ्ठीशिवाय दुकानदार देईना. डॉक्टर परतून नवी चिठ्ठी मिळेपर्यंत सतरा दिवस गेले; तोवर ताई नुसती ओकत होती. फोनवर एवढंच विचारायची, "निघाली काय वं?"

तेराव्याला भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आम्ही तिला काही कमी पडू दिलं नाही.

महाशिवरात्रीला जानेफळला गेले तर देवळाच्या ओट्यावर भाऊजी थंडाई वाढत होते. दरवर्षीप्रमाणे त्यातली भांग त्यांनी स्वतःच्या हातानं वाटलेली. मी सरळ ताईच्या खोलीत गेले. ती ज्यात ओकायची ते जर्मनचं भगोणं खाटेखाली तसंच होतं. ते घेऊन रांगेत उभी राहिले, पाळी आली तसं पुढं केलं.

"यात वाढा भाऊजी. ताईचं व्हय."

त्यांनी ते ओळखलं. हात थांबला. मागच्या बाया विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं… सगळं, अगदी मोरीपर्यंत.

भगोणं आता माझ्या घरी आहे. पुढच्या शिवरात्रीलाही मी ते घेऊन जाणार आहे.