मधेच आलेली दाद

भावजी गेले त्या दुपारी मी त्यांना चहाला हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही. त्यात नवीन काही नव्हतं. कानांवर मोठे हेडफोन, डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर... असे ते रोजच बसत. आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तंद्री लागली असंल. गाणं संपलं की येतोय की." चहा निवला. मी तो परत गरम केला आणि जरा रागातच कप घेऊन गेले, तेव्हा बोटांकडे लक्ष गेलं. हेडफोनमधून माझ्या चुलत्यांचं, तातोबांचं गाणं बारीक ऐकू येत होतं आणि बोटं हलत नव्हती. भावजी ताल सोडून बसतील, हे शक्यच नव्हतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, दिनकर. लग्न केलं नाही. राजारामपुरीत आमच्याच घरी, पुढच्या खोलीत राहिले. वर्तमानपत्रात गाण्याच्या बैठकांवर लिहायचे. मी चौथी शिकलेली, सगळं समजायचं नाही, पण एकही लेख सोडला नाही. त्यात 'मी' हा शब्द कधी नसायचा. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "लिहिणाऱ्यानं मधी यायचं न्हाय, वहिनी. लोक गाणाऱ्याला ऐकायला आलेत, मला न्हाय."

घरात मात्र ते सगळ्याच्या मधे. फोडणी तडतडली की पुढच्या खोलीतून "वा" यायचा. भाकरी थापताना हात लयीत पडला की "वा." आमटी अळणी झाली, तर "आज मीठ खालच्या पट्टीत लागलंय, वहिनी." माझ्या थोरलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते आणि हे कपाळाला हात लावून बसलेले. व्याह्यांना वाटलं, नवरीच्या काकांना स्थळ पसंत नाही. ते विचारायला आले, तर भावजी म्हणाले, "पोरगं झ्याक हाय तुमचं. भटजी बेसूर हायत."

नोकरीतून सुटल्यावर त्यांनी सिनेमे करायचं काढलं. "एवढी वर्षं लिहिलं, पण कागदावर आवाज उमटत न्हाय," असं म्हणाले आणि कॅमेरा घेऊन आले. पाहुण्यांत बातमी पसरली. जो येईल तो विचारायचा, हिरोईन कोण? पहिला सिनेमा एका सनईवाल्यावर. सगळे आमच्या घरात बघायला बसलो. सनई फार गोड वाजत होती, पण पडद्यावर बराच वेळ नुसतं म्हशीचं शेपूट. भावजींना जन्मभर डोळे मिटून ऐकायची सवय. सनई सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले होते आणि कॅमेरा आपला फिरला होता म्हशीकडे. सनई संपली तरी शेजारच्या काकू विचारत होत्या, "पिक्चर कवा चालू हुणार?"

दुसऱ्या सिनेमाला त्यांनी शिंदे म्हणून एक माहितगार माणूस जोडीला घेतला. तो आवाज घ्यायचा आणि नंतरची काटछाटही करायचा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवला. सिनेमा होता माझ्या कबनूरच्या चुलत्यांवर, तातोबांवर. त्यांनी जन्म यंत्रमागावर काढलेला. खडखडाटानं कान पार गेलेले, पण मागांमध्ये उभे राहून भजनं म्हणायचे. परक्यासमोर गायला लाजायचे, म्हणून भावजींनी मला बरोबर नेलं. मी पण परक्यासमोर बोलत नाही. आम्ही दोघं लाजरी, आणि त्यांना आमच्याकडून सिनेमा काढायचा होता. "मोठ्यानं बोला की, पावणं," तातोबा सारखे म्हणायचे, आणि भावजी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे.

खरी अडचण वेगळीच निघाली. तातोबांची एखादी जागा सुरेख आली की भावजींच्या तोंडून "वा" जायचा, आणि तो सगळा आवाजात उतरायचा. वाईट झालेलं सगळं स्वच्छ मिळायचं, चांगलं झालेलं सगळं नासायचं. शिंद्यांनी त्यांना बाहेर बसवलं, तर खिडकीतून "वा" आला. मी तोंडात धरायला खडीसाखर दिली, तर ती कडाकडा फोडली. शेवटी मी माझी दाताला लावायच्या तंबाखूची, मिश्रीची डबी पुढं केली. मिश्रीनं तोंड भरलं की माणूस बोलत नाही, हा माझा अनुभव. भावजींना सवय नव्हती. डोकं गरगरलं, घाम फुटला, सुताच्या पोत्यावर जाऊन बसले. तातोबा गात होते. आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. तातोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांना ते कळलंच नाही. पाठ फिरवून, आधीच बंद असलेल्या एका मागाच्या धाग्यांवर हात ठेवून ते गात राहिले. तेवढ्या शांततेत तो एकटा आवाज... माझ्या अंगावर काटा आला. शिंदे हलेनात. आणि पोत्यावरून, मिश्रीसकट, "वा."

शिंद्यांनी डोकं धरलं. पुढच्या वेळी मुद्दाम लाईट घालवून बघितली, पण तातोबांना आधी सांगावं लागलं आणि ते लाजून गप्प झाले. मोटारीत भावजी एवढंच म्हणाले, "जन्मभर मधी आलो न्हाय, आणि नेमकं हितं आलो." तो 'वा' बरोबर तातोबांच्या आवाजावर बसलेला. काढायचा तर गाण्याचा तेवढा तुकडा जाणार. रोज हेडफोन लावून ते तेच ऐकत बसायचे. तेच ऐकता ऐकता गेले.

दिवसकार्य झालं आणि शिंद्यांचा फोन आला. मी फोन नेहमी ह्यांच्याकडे देते. ह्यांनी तो परत माझ्या हातात दिला.

"वहिनी, सरांच्या मनात तो 'वा' काढायचाच होता. पण सांगून ठेवलंय, वहिनी म्हणतील तसं कर."

त्यांचा जन्मभराचा नेम एकीकडे, आणि पोत्यावरचा तो घामेजलेला चेहरा दुसरीकडे.

"राहू दे ते," मी म्हटलं.

"नक्की?"

"गाणं चांगलं झालंतं की. मग दाद नको द्यायला?"

पेपरात त्यांच्यावर पानभर आलं. परखड, अभ्यासू, शिस्तीचे... सगळं खरं आहे. फोडणीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून मी हे लिहून ठेवते आहे, माझ्यापुरतं. सिनेमा दाखवला तेव्हा 'वा' आला आणि लोक आधी हसले, मग अगदी गप्प झाले. तातोबांनी मला विचारलं, "काय झालं?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "वा म्हणाले." सगळ्यांनी माघारी वळून माझ्याकडं बघितलं.

हेडफोन त्यांच्या खुर्चीच्या पाठीला तसेच टांगलेत. स्वयंपाक करताना फोडणी तडतडली की माझा हात अजून जरा थांबतो. परवा तसाच थांबला, तर पुढच्या खोलीतून आवाज आला, "वा." आमचे हे. आमच्या सगळ्या संसारात त्यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलेलं नाही. मी डोकावून बघितलं. भावजींच्या खुर्चीत बसून पेपर तोंडासमोर धरला होता.

वा बेसूरच लागला होता. मी आणखी एक फोडणी घातली.