गाडी तयार आहे

"मॅडम, तुमची गाडी तयार आहे, संध्याकाळपर्यंत घेऊन जा." अंबडच्या एका गॅरेजमधून फोन होता. मी इंदिरानगरच्या घरात मेथी निवडत बसले होते. म्हटलं, "कुठली गाडी?" पलीकडच्या मुलीने नंबर वाचला. आमचाच! गाडीच्या जुन्या नोंदीत माझा मोबाइल राहिला असणार. पण वर्षापूर्वी त्या गाडीतून मला बाहेर काढायला तिचं छत कापावं लागलं होतं.

नवरा चालवत होता, मी शेजारी डावीकडे. ट्रकने डावी बाजू पुढून मागपर्यंत चेपली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, माझ्या खांद्यात मात्र सळई आहे. विम्याच्या सर्व्हेअरने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "टोटल लॉस. दुरुस्त होण्यासारखी नाही." गाडीवरचं कर्ज अजून चालू होतं. विम्याची रक्कम आधी बँकेकडे जाणार, आणि तरी थोडं उरणारच. ते फिटणार होतं सांगाड्याच्या पैशातून. सांगाडा घेणाऱ्या व्यापाऱ्याने दोन भाव सांगितले. आरटीओत जाऊन आरसी रद्द केली तर भंगाराचा. आरसी चालू ठेवून नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या तर दुप्पट. मेलेल्या गाडीचे जिवंत कागद त्याला कशाला हवे होते, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. पण हप्त्यांनी जीव नकोसा झाला होता. गाडी माझ्या नावावर होती, मी सह्या केल्या.

दोन महिन्यांपूर्वी वेगमर्यादा मोडल्याचं चलन मोबाइलवर आलं होतं. सोबत फोटो. तोच नंबर, तोच राखाडी रंग, आणि माझ्या सीटवर पांढरट काहीतरी, बाई की पिशवी ते कळेना. नवरा म्हणाला, "कुणी नंबर चोरला असेल, डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." त्यानंतर फोटो पुन्हा बघायची माझी छाती झाली नाही. पण एक धास्ती बसली ती बसलीच. तो चोळामोळा जोडून कुणी फिरवत असेल, तर पुढच्या ठोकरीला आतला माणूस वाचणार नाही, आणि कागदावर नाव माझं असेल.

आम्ही रिक्षाने अंबडला गेलो. भर दुपारी, लख्ख उन्हात, ती फाटकाशी उभी होती. नवरा फाटकाबाहेरच थांबला. मी जवळ गेले. उजव्या दारावर आमच्या सोसायटीच्या खांबाचा ओरखडा होता. डावी बाजू कोरी, रंग किंचित वेगळा. आत वाकून पाहिलं तर माझी सीट मी ठेवायचे तशीच मागे सरकवलेली, आणि पट्टा जुनाच, त्यावर तपकिरी डाग. अगं बाई! ते माझंच रक्त होतं. कुणी धुवायचेही कष्ट घेतले नव्हते. 

गाडीचा आताचा मालक पावती घेऊन बाहेर आला. विंचूरकडचा माणूस, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. छत कापलेलं, दारांमधला डावा खांब जोडलेला, परत धक्का बसला तर ही बाजू कागदासारखी मिटेल.

"नाय ओ ताई," तो हसला. "व्यापारी म्हणला, नुसता बंपर बदललाय. गाडी लय भारी चालती."

"दादा, मी त्यात अडकले होते! हिला भंगारात द्या, आजच्या आज. मी तुमच्याबरोबर आरटीओत येते."

"आन् माझे पैसे कोण दील? तुमी?"

 देणार कुठून? सांगाड्याचे पैसे कधीच बँकेत भरले होते.

"कागदावर नाव तर तुमचंच हाय," तो म्हणाला, रागाने नाही, अगदी सहज. "मला कुणी काय सांगितलं नाय. माहीत असतं तर लेकराला हिच्यात बसवलं असतं का?"

ते मला पटलं. बिचारा फसलाय, असंच वाटलं, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना. मुलगी गाडीकडे पळाली. आता माझ्या हातात एवढंच होतं, म्हणून मी मागोमाग गेले आणि म्हटलं, "बाळा, या डाव्या बाजूला नको गं बसू. पलीकडे बस, पप्पांच्या मागे."

"मला माहितीये," ती म्हणाली. "हिकडं कधीच बसायचं नाय. गाडी आणली तवाच पप्पांनी सांगितलंय."

मी वळून बघितलं. तो पावतीची घडी घालत होता, घातलेली उलगडून पुन्हा घालत होता.  मुलगी वळसा घालून बापाच्या मागे जाऊन बसली, आणि गाडी विंचूरच्या रस्त्याला लागली.