करकोच्याचं दप्तर
माझी मावशी शाळेची दप्तरं शिवते. तिच्या हातचं दप्तर उसवत नाही. मूल शिकून नोकरीला लागतं, दप्तर आपलं तसंच. हा तिचा तोरा सहन करतच आम्ही मोठे झालो.

एक दिवस पक्षी संशोधन केंद्रातल्या बाई काडेपेटीएवढं यंत्र घेऊन दुकानात आल्या. ते करकोच्याच्या पाठीवर बांधलं की तो कुठे कुठे जातो ते उपग्रहावरून कळतं. बांधायला पट्टे हवे होते. "छातीवर मात्र सुती दोऱ्याची कच्ची शिलाई घाला," बाई म्हणाल्या, "कुठे अडकला तर ती उसवून तो सुटला पाहिजे."

उसवण्यासाठी शिवायचं? मावशीच्या कपाळावर आठ्या पडल्या. शिवले तिने पट्टे, पण गुपचूप चार टाके जास्तीचे घातले. कच्चं काम तिच्या हातून होतच नाही, त्याला कोण काय करणार!

करकोचा निघाला. बाईंनी मावशीच्या मोबाइलवर नकाशा लावून दिला. "आज स्वारी समुद्रापार!" असं ती गिऱ्हाइकांना सांगू लागली. गिऱ्हाइकं बिचारी दप्तराची चेन बदलायला आलेली, पण ऐकून घेत.

मग ठिपका थांबला. आठवडा झाला तरी जागचा हलेना.

मावशीने मशीन बंद केलं. "अडकलाय तो. माझ्या टाक्यांनी मारलं त्याला," ती मला म्हणाली. मी धीर द्यायला गेलो, तर माझ्यावरच खेकसली. मग स्वतःच बाईंना फोन लावून त्या चार टाक्यांचं सांगून टाकलं. मला तिचा फार अभिमान वाटला. बाई रागावल्या, रागावणारच. पण तिकडच्या ओळखीच्या माणसाला त्यांनी लगेच त्या जागी पाठवलं.

त्या माणसाने फोटो पाठवले. कुंपणाच्या तारेला यंत्र लटकलेलं, खाली दोन-चार पिसं, बाकी काही नाही. पलीकडच्या दलदलीत करकोचे चिखलात चोची खुपसत फिरत होते. त्यातल्या एकाच्या पायात आपल्या केंद्राचं खुणेचं कडं होतं, आणि पाठ मोकळी.

मावशीने पट्ट्याचा फोटो मोठा करून पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. डोळ्यांतलं पाणी न पुसताच ती दुकानाच्या दारात गेली आणि समोरच्या कुलूपवाल्या काकांना ऐकू जाईल अशी ओरडली, "उसवली हो! माझी शिलाई उसवली!"