पहिल्या शनिवारची पेटी

रज्जाकचाचा गेल्याचं मला कंपनीच्या ग्रुपवर कळलं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सोमवारपासून बदलणारी बसची वेळ, या दोन निरोपांच्या मधे एक ओळ होती, ‘स्टोअरचे जुने रज्जाकचाचा काल वारले.’ काल... म्हणजे दफनही होऊन गेलं होतं. मी जेवायला बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे कोण?”

परभणीहून पिरंगुटच्या या कारखान्यात आले, तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते. भूगावला एक खोली, सकाळी बस, दिवसभर क्वालिटीच्या टेबलावर मोजमाप, संध्याकाळी पुन्हा खोली. एका शनिवारी चहानंतर स्टोअरमधून रज्जाकचाचांची हाक आली, “ताई, तुमची नजर बारीक हाय. जरा हे वाचून दावता का?” हातात मलमाची ट्यूब होती. तिच्या दुमडलेल्या टोकावर मुदत दाबून उठवलेली असते, ती चाचांना चष्मा लावूनही दिसत नव्हती. मी वाचली. त्यांनी दुसरी दिली, मग पट्ट्यांचं पाकीट, मग डोळे धुवायच्या सलाईनची बाटली. मी महिना आणि साल सांगायचं, त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या कागदावर लिहायचं. दोन महिन्यांत संपणारं लाल पेनानं. कात्रीला गंज आहे का, चिकटपट्टी अजून चिकटते का, हे ते स्वतःच्या मनगटावर लावून बघायचे. तेव्हापासून महिन्याचा पहिला शनिवार आमचा ठरला. कारखान्यात अशा सहा पेट्या होत्या, त्यांत तास-दीड तास जायचा. खरं सांगायचं तर महिनाभरात माझं कुणाशी इतका वेळ बोलणं होत असेल, तर ते तेव्हाच.

पर्चेसचे लोक वैतागायचे. “चाचा, कुणी हातही लावला नाही त्या औषधांना, टाकता कशाला?” चाचा शांतपणे म्हणायचे, “कुनी हात लावंल त्या दिवशी मग काय करू?”

हा हट्ट कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये होते आणि तिथल्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची. शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा हात कापला. “मी पेटी उघाडली, ताई. कापूस पिवळा पडल्याला, औषध वाळून खडा झाल्यालं. पट्टी चिकटंना. शेवटी मशीन पुसायचं फडकं बांधलं मी त्याच्या हाताला...” जखम चिघळली आणि त्या माणसाची तीन बोटं काढावी लागली. “त्यो मला कधी बोलला न्हाई. पन किल्ली माझ्याकडं व्हती ना.” एवढं बोलून ते पुढची पेटी काढायला उठले.

आमच्याकडे ती वेळ आली कोळवणच्या संतोषवर. टाकी धुताना साफसफाईचं रसायन त्याच्या डोळ्यांत उडालं. तो ओरडत खाली बसला, आम्ही सगळे नुसते त्याच्याभोवती गोळा झालो. चाचा पेटी घेऊन धावत आले. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीचं सील तोडलं आणि धार धरली. “डोळं मिटू नगंस. मला शिव्या दे, पन उघडं ठेव!” बाटल्या संपल्यावर नळाखाली धरून, दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते धूतच राहिले. संतोषचे दोन्ही डोळे वाचले. लगेच धुतलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीनं चाचांना शाल दिली. त्यांनी मात्र त्याच संध्याकाळी मला विचारलं, “सलाईन संपली की हो ताई. नवी कदी येनार?”

ते रिटायर झाले तरी पहिल्या शनिवारी पौडहून एसटीनं यायचेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. वॉचमन सोडायचा. मग कंपनीनं पेट्यांचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं. त्यांचा माणूस येतो, सीलबंद पेटी ठेवतो, जुनी घेऊन जातो. बाहेरच्या माणसाला पासशिवाय आत सोडायचं नाही, असाही नियम आला. चाचांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी फोन केला. “चाचा, आता तुम्हाला एवढी दगदग नको. एजन्सी बघते सगळं.” “बरं झालं की,” चाचा म्हणाले. “तुमी बऱ्या हाय ना?” मी हो म्हटलं, मीटिंग होती म्हणून फोन ठेवला. पुन्हा करायचा राहिला... सात-आठ महिने राहिला.

बातमी कळल्यानंतरच्या रविवारी मी पौडला गेले. त्यांच्या सुनेनं, शबानानं, मला आत बसवलं, चहा दिला. नाव सांगितल्यावर म्हणाली, “तुमीच का त्या ताई? अब्बा लई नाव काढायचे तुमचं. दर म्हैन्याच्या पयल्या शनवारी कंपनीत जायाचं म्हंजे जायाचं. मागल्या म्हैन्यात छातीत दुखत व्हतं, तरी शर्टाला इस्त्री केली नि गेले. म्हनाले, ताई वाट बघत आसंल.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. इतके महिने ते घरातून निघत होते. कुठं जात होते? स्टँडवर बसून परत येत असतील, की एसटीनं गेटपर्यंत येऊन मागे फिरत असतील? शबाना माझ्याकडे बघत होती. “शेवटपर्यंत आले ना तुमच्याकडं?”

“हो,” मी म्हटलं. “शेवटपर्यंत आले.”

परवा पहिला शनिवार होता. चहानंतर सगळे जागेवर गेल्यावर मी स्टोअरमध्ये जाऊन एजन्सीच्या पेटीचं सील तोडलं. एकेक वस्तू टेबलावर काढली आणि प्रत्येकीवरची तारीख मोठ्यानं वाचली. सगळं मुदतीत होतं. पेटी बंद केली, तरी बराच वेळ मला उठवेना.