पेवातली माती

ती घटना आठवली की आधी एक वास आठवतो. धान्याचे बंद पेव उघडल्यावर येतो तसला, कोंदट आणि आंबूस. मग माणसे आठवतात.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी अमरावती जिल्ह्यात फौजदार होतो. चांदूर बाजारकडच्या एका गावात शाळेची नवी इमारत दुसऱ्याच पावसाळ्यात भेगाळली आणि श्रावणातल्या एका दुपारी तिची मागची भिंत कोसळली. मुले जेवायला घरी गेली होती. भिंतीला टेकून पाट्या तपासत बसलेली शिक्षिका जागीच गेली. गावातली शिकून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. शाळेसाठी शेताचा तुकडा दान देणारे म्हातारे शेतकरी तिचेच वडील. गाव त्यांना दादाजी म्हणे. फिर्याद त्यांनीच दिली.

पंचनाम्यात दिसले की पाया जेमतेम तीन फूट होता आणि खाली निव्वळ काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर असा पाया टिकत नाही. पण कागद वेगळेच सांगत होते. अमरावतीच्या सरकारी प्रयोगशाळेने अहवाल दिला होता की या जागेची माती फुगणारी नाही, उथळ पाया चालेल. आम्ही हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा नोंदवला.

आठवडाभरात ठाण्यावर निनावी कार्ड आले. प्रयोगशाळेतला सहायक माती तपासतच नाही, वही घरी नेऊन आकडे भरतो, असा मजकूर. मी वही जप्त केली. पानामागून पान एकाच शाईत, एकही खाडाखोड नाही. मला वाटले, चोर सापडला.

सहायक पंचविशीचा, नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरातला पहिला पदवीधर. मीही तसाच. एका मास्तरांनी फी भरली नसती तर मी आज बैल हाकत असतो, हे मी कधी विसरलो नाही. पण त्यामुळे मला त्याची कणव आली नाही, उलट चीड आली. एवढ्या कष्टाने मिळालेली खुर्ची याने अशी विकावी, असे मनात बसले. तीन दिवस मी त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. खात्याने त्याला निलंबित केले. त्याचे वडील ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उकिडवे बसून राहत. आमचे जमादार जाता-येता सहायकाला टोचत, “काय मास्तर, तिकडं माती चाळता, इथं आमी माणूस चाळतो.”

त्याचे म्हणणे एकच होते. कच्चे आकडे तो तिथेच टिपत असे आणि गणिते घरी करून वहीत स्वच्छ उतरवत असे. मातीने बरबटलेली कच्ची वही त्याने आणून दिली. ती आधीच तयार करून ठेवली असेल, असे म्हणून मी ती बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी तो बाकावरून उठून उभा राहिला.

“साहेब, पिशवीत आलेल्या मातीचा अहवाल मी दिला. ती माती कुठून भरली, ते मला कोण सांगणार होतं?”

हे पडताळून पाहता येण्यासारखे होते. मी त्याला प्रयोगशाळेत नेले आणि दोन पंचांसमोर चाचणी करायला लावली. प्रत्येक नमुन्यातली थोडी माती तिथे डब्यात जपून ठेवत. शाळेच्या नावाचा डबा निघाला. पडलेल्या भिंतीखालची माती मी बरोबर आणली होती. दोन्ही वाळवून, कुटून, चाळून त्याने सारख्या मापाने दोन काचेच्या नळ्यांत घातल्या आणि वर पाणी भरले. माप कुठे चुकले नाही. नळ्यांना मी लाखेचे सील लावले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर भिंतीखालची माती फुगून दुपटीला आली होती. डब्यातली जवळजवळ होती तेवढीच.

म्हणजे आकडे खरे होते. माती दुसरीकडची होती.

डब्यात एक पुडीही होती, चाळणीवर राहिलेल्या चोथ्याची. मी ती उघडली आणि तो वास आला. आत कडब्याचे कुजके तुकडे आणि ज्वारीचे दोन किडके दाणे होते. आमच्या घरी पेव होते. जमिनीत खोल खड्डा करून, आतून कडब्याचे अस्तर लावून त्यात ज्वारी साठवत. ते काळ्या रानात कधी खणत नाहीत, कारण तिथे ओल धरते. गावठाणातल्या कोरड्या पांढऱ्या मातीत खणतात.

सहायक हळू आवाजात म्हणाला, “शेऱ्यात लिहिलं होतं, साहेब.”

जप्त केलेली वही मी पुन्हा उघडली. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘नमुन्यात कडब्याचे तुकडे व धान्य आढळले.’ टंकलिखित अहवालात शेऱ्याचा रकानाच नसल्यामुळे ते वर कोणी वाचले नव्हते. आणि वही पंधरा दिवस माझ्या टेबलावर असून मीही वाचले नव्हते. मी फक्त शाई पाहिली होती.

नमुना पाठवणारा, बांधकामावर देखरेख करणारा ओव्हरसियर तोवर बदलून अकोल्याला गेला होता. मी तिथे जाऊन जबाब घेतला. त्याने शांतपणे सांगितले की खड्डा शाळेच्या जागेवरच सात फूट खणला, मजुरांची नावे आठवत नाहीत. याच्या जबाबाविरुद्ध बोलणारे कोणी नसेल, तर त्या मुलावर ठपका राहणार हे उघड होते. पिशव्या सहायकानेच बदलल्या, असे कोणीही म्हणू शकले असते.

शाळेची जागा मुळात दादाजींची, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात फरशी झाकलेले पेव होते. ओव्हरसियर माती न्यायला आला होता का, एवढेच मी विचारले.

“आले होते ना. कपाशीची वेचणी चालू होती, खंदाले गडी भेटत नोयता. म्या म्हटलं, सायेब, कायले तरास घेता, आमचं पेव रिकामं हाये, आयता खड्डा हाये. उतरा अन् घ्या माती.” मग ते स्वतःहून पुढे म्हणाले, “काळीत घर कोणी बांधत नाई, हे आमाले मालूम होतं. पन अमरावतीचं मशीन म्हने चालते. मंग आमी कोन बोलनारे?”

तेवढे लिहून मी सही घेऊ शकलो असतो. त्यांना अजून काही उमगले नव्हते. पण न सांगता सही घेणे मला जमले नाही. मशीनने पेवातली माती पाहिली होती, शेतातली नाही, हे मी त्यांना सांगितले.

ते उठून पेवावरच्या त्या फरशीपाशी गेले.

“म्हंजे मशीन खोटं नोयतं बोललं.”

“नाही, दादाजी.”

“अन् हे पेव मीच दाखोलं.”

चूक ओव्हरसियरची आहे, खड्डा जागेवर खणणे त्याचे काम होते, असे मी म्हणालो. त्यांनी ते ऐकले असे वाटले नाही. आतून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या तशी त्यांनी हाताने खूण करून त्यांना परत पाठवले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “लिवा. पेव म्या दाखोलं, माती तिथूनच नेली. त्या पोराले सोडा. त्याचा बाप तुमच्या ठान्यात बसून राहते, असं आयकलं.”

मी लिहिले, वाचून दाखवले. त्यांनी मोडीत सही केली. 

त्या जबाबावर सहायक सुटला आणि कामावर परत गेला. ओव्हरसियरवर खटला चालला, त्याला शिक्षा झाली. दादाजी कोर्टात साक्षीला आले आणि तेच शब्द पुन्हा बोलले. पुढे एकदा बंदोबस्तासाठी त्या गावी गेलो तेव्हा अंगणातले पेव बुजवलेले होते. दादाजी घरात आहेत का, हे विचारायला माझे पाय दाराकडे वळले नाहीत.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कागद हाती आला की मी शेवटचा रकाना आधी वाचतो. आणि ज्याच्या कामात खाडाखोड नाही, तो कदाचित फक्त नीट काम करणारा माणूस असेल, हेही मनाशी धरून ठेवतो.

सहायकाची मी माफी मागितली नाही. त्या काळी फौजदार मागत नसत. काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. तिथे आमच्या पोलीस वसाहतीचे बांधकाम निघाले तेव्हा मातीचा अहवाल माझ्या टेबलावर आला. खाली त्याची सही होती. शेऱ्याचा रकाना छापील नव्हताच, म्हणून त्याने समासात हाताने एक ओळ लिहिली होती, ‘नमुना मी स्वतः खड्ड्यात उतरून काढला आहे.’

ती ओळ लिहिण्याची कुठल्याही नियमात गरज नव्हती. मी ती दोनदा वाचली आणि कागद पुढे पाठवला.