बटणांच्या दुकानाची पायरी

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी नवऱ्याने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. बरोबर केलं. त्या दिवशी मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या घरून बदलापूर गावात वडिलांकडे स्कूटरवर गेले होते, आणि पोचल्यावर मधला रस्ता मला काही केल्या आठवेना. सिग्नल लागले की नाही, अंबरनाथ कधी मागे पडलं, काही नाही. घरी आल्यावर मी हे सहज बोलून गेले. नवरा म्हणाला, "काही दिवस रिक्षाने जा."

मी वाद घातला नाही. एरवी घातला असता. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना चालू असताना बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या आणि मी चहाचे कागदी कप पुरतील का ते बघत होते. एक आत्या म्हणालीच, "दगडाची आहे ही पोरगी." पोरगी पंचेचाळीस वर्षांची. राग यायला हवा होता, तोही आला नाही. वाक्य मात्र डोक्यात राहिलं. खरंच असेन मी दगड, तर?

मग वडिलांकडे आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाणं-येणं सुरू झालं. परतताना एकदा अंबरनाथला उतरल्यावर पुढच्या रिक्षाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला आणि मी चालत सुटले. पुढे तीच सवय लागली. आईही अशीच यायची. दर गुरुवारी, हातात पिशवी घेऊन. रिक्षात तिला मळमळायचं, म्हणून निम्मी वाट तरी पायीच. "इतका वेळ लागतो का गं?" असं विचारलं की म्हणायची, "गुडघे चालू देत नाहीत बाई." तासभर बसायची, आणि अंधार पडेल म्हणून मीच तिला निघायची घाई करायचे.

मी चालते म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, साखर कमी होते. एका मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला: हळू चाला, श्वासाकडे लक्ष द्या, आजूबाजूला बघा, मन हलकं होतं. आमच्या रस्त्यावर श्वासाकडे लक्ष द्यायला वेगळं शिकावं लागत नाही. अंबरनाथच्या कंपन्यांचा वास ते काम करतो. बघण्यासारखं म्हणाल, तर सोनिवलीतल्या नव्या फ्लॅटच्या जाहिराती, जीन्स धुण्याच्या पाण्याने निळा झालेला नाला आणि खड्डे. मी सगळं नीट बघत होते. मन हलकं वगैरे झालं नाही. जड तरी कुठे होतं?

एक फायदा झाला, तो नाकारत नाही. रस्ता आठवायला लागला. दुपारी सावली कुठे असते, कुठल्या कोपऱ्यावरचं कुत्रं अंगावर येतं, कुठे पाय जपून टाकायचा, हे सगळं.

आणि एक गोष्ट पटेना. वडील एकदा म्हणाले, "ती जेवून एकला बाहेर पडायची." बदलापूरहून घरापर्यंत, रिक्षा धरून, मला रमतगमत दीड तास लागत होता. आईचे गुडघे लक्षात घेऊन दोन तास धरा. माझ्या दारात ती चारनंतर यायची. मधला तास ती कुठे असायची?

एप्रिलच्या शेवटी मुलांच्या परीक्षा संपल्या, माझ्या शिकवण्यांना सुट्टी लागली. त्या दुपारी ऊन इतकं होतं की घराखाली पोचल्यावर जिना चढवेना. आमच्या इमारतीत तळमजल्यावर जीन्सच्या चेन आणि बटणांचं दुकान आहे. एक म्हाताऱ्या सिंधी बाई चालवतात. इतक्या वर्षांत मी स्कूटर लावताना मान हलवली असेल तेवढीच ओळख. मी त्यांच्या पायरीवर बसले.

त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "पियो टीचर. तुम भी मम्मी के जैसी पैदल आने लगी?"

"मम्मी?"

"इधरीच बैठती थी ना, हर गुरुवार. मैं बोलती, बेटी का घर है, ऊपर जाओ. बोलती, नहीं, चार बजने दो, उसका क्लास चालू है." त्या हसल्या. "ऊपर से तुम्हारी आवाज आती थी. तुम बच्चों को डाँटती, वो खूश होती. आजकल आती नहीं?"

मी दुपारी दोन ते चार घरी शिकवण्या घेते. दोन वर्षांपूर्वी आई तीनलाच आली होती. आल्या आल्या पिशवीतली जांभळं मुलांना वाटायला लागली, एकेकाला नाव विचारायला लागली. मी मुलांसमोर म्हणाले, "आई, चारच्या आत येत जाऊ नकोस." ती "बरं" म्हणाली. एवढंच झालं होतं. मी विसरूनही गेले होते.

दोन वर्षं, दर गुरुवारी, एक मजला खाली.

"वो गुजर गयी," मी म्हणाले. हे वाक्य मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, सगळीकडे नवऱ्यानेच फोन केले होते. बाईंनी हातातला बटणांचा डबा खाली ठेवला आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागल्या. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हातानेच जा म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून बसले. मला रडू आलं नाही. लाज वाटली. कान तापले, मान वर करवेना, इतकी लाज वाटली. आणि खरं सांगते, ती वाटतेय याचं मला बरं वाटलं.